कापड्याचं आंबवण

माझ्या आत्याच्या आंबोळ्यांचं कुणी कौतुक केलं की ती म्हणते, "त्यात माजं काय, मडक्याचं हाय." हा तिचा विनय आहे असं मी कित्येक वर्षं समजत होते. मग कृषी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, एका सुट्टीत त्या मडक्याच्या आतून कापसाचा बोळा फिरवून प्रयोगशाळेत नेला आणि कळलं की बाई अक्षरशः खरं बोलत होती.

आत्याचं नाव ठमाबाई. पोलादपूर तालुक्यात कापड्याला राहते. गळ्यात तुळशीची माळ, जेवणात कांदासुद्धा नाही. तिच्या सासूच्या वेळचं एक मातीचं मडकं आहे. संध्याकाळी तांदूळ-उडदाचं पीठ त्यात कालवायचं, सकाळी आंबोळ्या घालायच्या आणि तळाशी वाटीभर पीठ राखून ठेवायचं. त्या वाटीभराला आंबवण म्हणतात. तेच दुसऱ्या दिवशीच्या पिठाला फुगवतं. मडकं बाहेरून पुसायचं, आतून कधीही घासायचं नाही, हा नियम.

माझा पीएच.डी.चा विषय करवंदाची वाइन. ऐकायला मजेशीर वाटतं, पण करवंद हे भलतं हट्टी फळ आहे. आंबट, चिकाळ, आणि काढणीचे दिवस मेच्या उकाड्यातले. विकत मिळणारी यीस्ट त्याच्या रसात घातली की ती तिसऱ्या दिवशी मान टाकते. नाही टाकली तर वाइन होते, पण करवंदाचा वास उडून जातो आणि उरतं ते औषधाच्या दुकानासारखं काहीतरी. आत्याच्या मडक्यात मला जी यीस्ट सापडली, तिला मी के-७ असं नाव दिलं. ती त्या उकाड्यात शेवटपर्यंत काम करायची आणि वास जसाच्या तसा ठेवायची. माझे मार्गदर्शक सयाजी सर पहिला पेला हुंगून दोन मिनिटं गप्प बसले होते. सरांना गप्प बसलेलं विद्यापीठात कुणी पाहिलेलं नाही.

आत्याला हे सांगताना मात्र माझी पाचावर धारण बसली होती. माळकरी बाईच्या मडक्यातून दारूचं संशोधन! तिनं सगळं ऐकून घेतलं, पदर तोंडाला लावला आणि इतकी हसली की तिला उंबऱ्यावर बसावं लागलं.

"आंबनं देवाचं हाय, पिनं मानसाचं," ती म्हणाली. "तू कर तुजं. फकस्त भजनी मंडळात बोलू नको."

तर दोन हंगामांच्या दोन बॅच उत्तम झाल्या. प्रबंधाला तिसरी हवी होती, ती या मे महिन्यात करायची होती. जून संपला की माझी फेलोशिप संपणार होती. पुढचा करवंदांचा हंगाम म्हणजे पुढचं वर्ष, आणि पुढचं वर्ष माझ्यापाशी नव्हतं.

आणि मेच्या सुरुवातीला आमच्या विभागाचा डीप फ्रीझर बंद पडला. शनिवार-रविवारची सुट्टी होती, सोमवारी उघडला तेव्हा आतून असा वास आला की विभागातल्या लोकांनी नियमाप्रमाणे काम केलं: ज्या डब्यांवर नाव होतं ते बाजूला काढून त्या-त्या विद्यार्थ्याला फोन केले, आणि बिननावाचे डबे वाफेच्या दाबाखाली उकळून टाकून दिले. के-७ च्या तीन नळ्या होत्या. तिन्ही एकाच डब्यात, आणि डब्यावर नाव नव्हतं. स्केचपेननं लिहिलं होतं, ते बर्फानं पुसलं गेलं असणार. मी कुणावर ओरडणार? आपलेच दात, आपलेच ओठ. तरी मी थोडी ओरडले. स्वभावाला औषध नाही.

सर म्हणाले, "अगं प्रियदर्शिनी, मूळ मडकं जागेवर आहे ना? मग रडतेस कशाला?"

खरंच होतं. सर स्वतः एप्रिलमध्ये ते मडकं पाहायला कापड्याला आले होते. शोधनिबंधात छापायला त्याचा फोटो काढला होता, आंबोळ्या सात खाल्ल्या होत्या. मी दुसऱ्याच दिवशी कापड्याला गेले, बाहेरून नव्यानं रंगलेल्या मडक्याकडे नीट न पाहताच आतून बोळा फिरवून आणला आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशांमध्ये पोसायला ठेवला.

तीन दिवसांनी बशा उघडल्या. के-७ चे ठिपके वाढतात ते सावकाश, आणि त्यांच्या कडेला हिरवट झाक असते. ती झाक मी झोपेतही ओळखेन. इथे सगळे ठिपके पांढरेफटक, गुबगुबीत आणि एकसारखे. तरी मनाची समजूत घालून मी त्यातले काही करवंदाच्या रसात सोडले. दीड दिवस बुडबुडे आले, मग शांतता. नाकाला बाटली लावली तर बेकरीत उभं राहिल्यासारखं वाटलं.

मी तडक कापड्याला गेले. आत्या शेजारी गेली होती. घरात तिची सून रेश्मा एकटीच होती. मी काही विचारायच्या आतच तिचा चेहरा पडला, म्हणजे तिला पहिल्या खेपेपासूनच धाकधूक होती. पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवून तिनं सगळं सांगून टाकलं. एप्रिलमध्ये सर येणार म्हटल्यावर तिनं घर सारवलं, भिंतींना रंग दिला, आणि मग तिचं लक्ष मडक्याकडे गेलं. आतून काळं, थर बसलेलं, आंबूस वास येणारं. आत्या तीन दिवस भावकीतल्या लग्नाला गेली होती. रेश्मानं मडकं राखेनं घासलं, चिंचेनं घासलं, सोडा लावला, उकळतं पाणी ओतलं, दोन दिवस उन्हात पालथं घातलं. शेवटी वरून गेरू लावून पांढऱ्या ठिपक्यांची नक्षीसुद्धा काढली. फोटोत ती नक्षी फार छान आली आहे. दुसऱ्या दिवशी पीठ काही फुगेना, म्हणून पोलादपूरच्या दुकानातून पाव फुगवायच्या यीस्टची पुडी आणली. सरांनी सात आंबोळ्या खाल्ल्या त्या त्या पुडीच्या.

माझा राग नाकावर असतो. तो नाकावर आलाही. पण रेश्मा म्हणाली, "वन्सं, तुमचेच सर येनार होते. तुमच्या घरचं मडकं असलं काळं म्हनाले असते तर? मी तुमची लाज राखाया गेले."

पाहुणा येणार म्हटल्यावर न घासणारी बाई आमच्या खोऱ्यात कुठे आहे? माझ्या आईनं तर मडक्याबरोबर पाहुण्यालाही घासलं असतं. दोष असलाच तर माझा होता. तीन वर्षं मी त्या मडक्यावर काम करत होते, जगभरच्या शास्त्रज्ञांना समजेल असं त्याच्याबद्दल लिहीत होते, आणि ज्या बाईच्या हातात ते रोज असतं तिला, आत कुणीतरी जिवंत राहतंय, एवढं सांगायला विसरले होते. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. रेश्माही रडली. तेवढ्यात आत्या आली, आम्हा दोघींना पाहून तिला वाटलं कुणी गेलं.

तिला सांगितलं तर ती म्हणाली, तिला एप्रिलपासून माहीत होतं. पहिल्याच आंबोळीला कळलं होतं. फोफशी, चवीला कापूस. पण सुनेनं एवढ्या हौसेनं घर सजवलं, तिला कशाला हिरमुसवा, म्हणून गप्प राहिली. पहिल्या खेपेला माझ्या नळ्या गेल्याचं मीही तिला सांगितलं नव्हतं.

"आनि आपलं आंबवन गेलं कुटं? हाजराकडं हाय की," ती म्हणाली.

मी ताडकन उठून उभी राहिले. हाजराखाला महाडच्या. बाजारात आत्याकडून करवंदं, जांभळं घेता घेता तीस वर्षांची मैत्री. सांदणं करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. पूर्वी त्यांच्या सासूबाई पीठ फुगवायला ताजी नीरा घालत. नीरा मिळेनाशी झाली तशी आत्यानं त्यांना आपलं आंबवण दिलं. मग २०२१ चा पूर आला, सावित्रीचं पाणी त्यांच्या स्वयंपाकघरात छातीभर चढलं आणि बरणीसकट आंबवण वाहून गेलं. रस्ता खुला झाल्यावर आत्या पहिल्या गाडीनं महाडला गेली. एका पिशवीत तांदूळ, दुसऱ्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेली छोटी बरणी. हाजराखाला अजून सांगतात, तांदूळ बऱ्याच जणांनी आणले, आंबवण एकटीनंच आणलं.

"मग चल, उद्याच जाऊ," मी म्हटलं.

आत्यानं मान हलवली. "मागायचं नाय. दिलेलं आंबवन मागं मागत न्हाईत. मागितलं तर दोनी घरचं आंबनं बंद पडतं. तू पन मागायचं नाय, माजी शपथ."

मी तिला समजावलं की असं काही नसतं, मी शास्त्र शिकले आहे. ती म्हणाली, शिकलीस ते बरंच झालं, पण मागायचं नाही. तिसरी बॅच, फेलोशिप, तीन वर्षं, सगळं सांगून झालं. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि शब्दाला चिकटून राहिली. करवंदं जेमतेम दोन आठवडे उरली होती.

शुक्रवारी सकाळी मी महाडला गेले. शपथ मोडायला नव्हे, असं स्वतःला बजावत. नुसतं भेटायला. शुक्रवारी हाजराखालांकडे सांदणं असतात हे मला ठाऊक होतं, एवढीच काय ती लबाडी. त्यांचा मुलगा बिलाल कतारहून सुट्टीवर आला होता, त्यामुळे घरात दुप्पट घाणा होता. वाटीत वाफवलेली, नारळाच्या दुधातली पांढरी सांदणं त्यांनी माझ्यापुढे ठेवली. मी एक मोडलं. वाफेबरोबर तो वास आला, पिकल्या केळ्याचा आणि किंचित फुलांचा, जो मी दोन वर्षं रोज बाटलीतून घेत होते. मी तो तुकडा नाकाशी धरून बसले.

"खातेस कमी नि हुंगतेस जास्त," हाजराखाला म्हणाल्या. "काय झालंय?"

मग मला राहवेना. मी मागितलं काहीच नाही, पण सांगितलं सगळं. फ्रीझर, मडकं, गेरू, पुडी, आत्याची शपथ. गेरूच्या नक्षीपाशी त्या खूप हसल्या. मग त्यांनी विचारलं की एवढ्या खटपटीनं त्या आंबवणातून करायचं काय आहे. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. व्हिनेगर म्हटलं असतं, औषध म्हटलं असतं. पण ज्यांच्या घरचं पोटभर खाल्लं त्यांना फसवायचं माझ्यानं होईना. वाइन, मी म्हटलं. करवंदाची दारू.

हाजराखाला ताटातली सांदणं सरळ करत राहिल्या. माझ्या डोळ्यांपुढून जून महिना निघून गेला.

"दारूसाठी मी माज्या हातानं नाय देनार, पोरी," त्या शेवटी म्हणाल्या. "तुला वाईट वाटंल, पन नाय."

मी म्हटलं, बरोबर आहे. आणि खरंच मला ते बरोबर वाटलं. मी हात धुवायला उठले.

"बस गो. माजं बोलनं संपलं नाय," त्या म्हणाल्या. "ही बरनी ठमाची अमानत हाय. तिनं मागितली नाय, तू मागितली नाय. मग आता मीच तिची तिला नेऊन देते. फुडं ती काय करते ते मी बगत नाय बसनार. बिलाल, गाडी काढ."

गाडीत त्या मागच्या सीटवर मांडीवर बरणी घेऊन बसल्या होत्या, झाकणावर दोन्ही हात. बिलालला सांगत होत्या, हळू चालव, जिवंत माणूस हाय आत. तीन वर्षांत मला जे रेश्माला सांगायला सुचलं नव्हतं, ते त्यांना कुणी शिकवलंही नव्हतं. पुढे बसून मी खिडकीबाहेर बघत होते आणि हसू दाबत होते.

कापड्याला आत्या अंगणात कोकमाची सालं वाळत घालत होती. गाडीतून हाजराखाला उतरलेल्या पाहून तिचे कोकमानं लाल झालेले हात तसेच थांबले. पुरानंतर खाला पहिल्यांदाच तिच्या दारात आल्या होत्या. आत्यानं आधी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"मी मागितलं नाय," मी घाईघाईनं म्हटलं.

"नाय मागितलं तिनं," हाजराखाला म्हणाल्या. "आनि मी पन कुनाला काय ईचारत नाय. तुजं तुला घे, ठमा. माज्यापुरतं मी घरात ठेवलंय."

आत्यानं हात पदराला पुसले आणि बरणी घेतली. झाकण उघडून नाक आत घातलं. मग हाजराखालांच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि तशीच उभी राहिली, कोकमाचे डाग त्यांच्या बुरख्याला लागले तरी. नंतर दोघी ओट्यावर बसल्या त्या तिन्हीसांजेपर्यंत. गुडघे, सुना, बिलालची नोकरी, कुणाच्या घरी फणस किती धरलेत. मी, माझी तिसरी बॅच, माझं भवितव्य, सगळं त्यांच्या बोलण्यातून पार हद्दपार झालं होतं. बिलाल गाडीत झोपून गेला.

निघायच्या आधी हाजराखाला परसात हात-पाय धुवायला गेल्या. तेवढ्यात आत्यानं रेश्माला नक्षीचं मडकं आणायला सांगितलं, बरणीतलं थोडं पीठ त्यात ओतलं, आणि बरणीत उरलेल्यातून एक वाटी भरून माझ्या हातात ठेवली. मला मागावं लागलं नाही.

आता राहिली होती शास्त्राची धाकधूक. चार वर्षं ते आंबवण दुसऱ्या घरात, दुसऱ्या पिठावर, नारळाच्या दुधावर आणि साखरेवर वाढलं होतं. त्यात माझी के-७ टिकली होती का, की वास तेवढा सारखा? बशा ठेवल्या. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बशी उजेडात धरली, तर संथपणे वाढलेले बारके ठिपके, आणि कडेला हिरवट झाक. मी प्रयोगशाळेत नाचले. खरोखरच नाचले, पांढरा कोट घालून. सरांनी दारातून पाहिलं आणि परत गेले.

शेवटची करवंदं काढून रस केला, त्यात ती सोडली. पाचव्या दिवशीही बाटली गुरगुरत होती. दहाव्या दिवशी पुण्याहून जनुकांच्या तपासणीचा अहवाल आला. जुन्या नोंदीशी पूर्ण जुळत होता. मी आत्याला फोन लावला आणि टक्केवारी सांगू लागले. तिनं मध्येच थांबवलं.

"म्हंजे आपलंच ना?"

"आपलंच."

"मग मला काय सांगतेस? हाजराला सांग आदी."

वाइनचा विषय न काढता कसं सांगावं याचा विचार करत मी महाडला फोन लावला. म्हटलं, खाला, तुमच्याकडचं आंबवण आणि आत्याचं जुनं आंबवण एकच निघालं. तुम्ही चार वर्षं ते सांभाळून ठेवलंत म्हणून माझं शिक्षण पुरं होतंय. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

"सांभाळलं कसलं गो," त्या म्हणाल्या. "दर जुम्म्याला सांदनं केली, खाल्ली, मागंल त्याला दिली, न मागंल त्याला पन दिली. सांभाळलंस ती तू. डब्यात घालून."

मी इतक्या जोरात हसले की शेजारच्या प्रयोगशाळेतून सलोनीनं डोकं बाहेर काढलं. सलोनी जांभळाच्या वाइनवर काम करते. तिची यीस्टही त्याच फ्रीझरमध्ये गेली होती. इनक्युबेटरच्या एका कप्प्यावरून आमचं भांडण झालं होतं आणि दीड वर्षं आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. अर्थात मीच बोलत नव्हते. फोन ठेवून मी के-७ ची एक नळी भरली, नाव नीट लिहिलं, तिच्या टेबलापाशी गेले आणि तिच्या हातात दिली. तिनं मागितली नव्हती.